साहेबांनी ‘बंद’ केलेला कॅमेरा

आयटीवाल्यांनो, ऐका आमच्या साहेबांची अक्कल!

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात बायकांच्या जेवणाच्या खोलीत कॅमेरा लावलाय. आज सकाळी आम्ही बायका भांडलो, तेव्हा सिस्टीमवाल्या साहेबांनी लिनक्स चालणाऱ्या कॉम्प्युटरवर त्या कॅमेऱ्याच्या डिव्हाइस फाइलची, म्हणजे जिच्यातून प्रोग्राम कॅमेऱ्याचं चित्र घेतो तिची, परवानगी काढून घेतली आणि ऐटीत म्हणाले, "झाला बंद!"

दुपारी सुपरवायझरच्या स्क्रीनवर पाहते, तर आमच्यातली मंदाताई डबा खाताना दिसतेय!

"सर, हे काहून दिसून राहिलं?" मी साहेबांना विचारलं.

"परवानगी तर काढली ना मी!"

धन्य आहे! परवानगी फक्त फाइल उघडताना तपासली जाते. त्याआधीपासूनच ती उघडून बसलेल्या, चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामला कोण हाकलणार? दाराला कुलूप लावलं आणि चोर आतच!

मी सरळ कॅमेऱ्याची वायर उपटली.

"कोणाले विचारून काढली?" साहेब ओरडले.

"तुमच्या परवानगीनं काय बंद होते, ते आत्ताच पाहिलं ना!"