मधली मोकळी जागा

माझ्या आत्याच्या मते या जगात आजवर कोणीही कोणाला स्पर्श केलेला नाही. हे ती वैतागून म्हणत नाही. औशाच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेली बाई ती. पाणी उकळतं म्हणावं, इतक्या सहज म्हणते. अणू औशाच्या किल्ल्याएवढा धरला, तर त्याचं केंद्रक म्हणजे किल्ल्याच्या मधोमध ठेवलेला ज्वारीचा दाणा. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन त्या दाण्यात दाटीवाटीनं बसलेले, इलेक्ट्रॉन पार तटापर्यंत भिरभिरणारे, आणि मधे सगळी मोकळी जागा. दोन अणू जवळ आले की त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. "तू खुर्चीवर बसलीस असं तुला वाटतंय. खरं तर तू तिच्यावर तरंगून राहिलीस," असं तिनं मला चौथीत असताना सांगितलं, आणि पुढं कितीतरी दिवस मी खुर्चीत जपून बसत असे. मी इंग्रजी शाळेतली. आमच्या पुस्तकातही अणूचं चित्र होतं, पण त्यात किल्ला नव्हता.

लातूरच्या बसमध्ये ती तिघांच्या बाकावर चौथी बसते आणि कुरकुरणाऱ्याला समजावते, "दादा, आपण सगळेच आतून मोकळे. सरका जरा." तो माणूस उतरेपर्यंत तिच्याकडे संशयानं बघत राहतो. कोणी पाया पडलं की म्हणते, "हात लागले न्हाईत, पण पोचलं." गळ्यात पडणं तर तिला मुळीच खपत नाही. एका लग्नात भेटायला पुढं आलेल्या विहीणबाईंना तिनं हातभर अंतरावर थोपवून इलेक्ट्रॉन समजावले. त्या बाई मग दिवसभर तिच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत. मलाही कोणी जवळ घेतलं की अंग चोरायची सवय आहे, त्यामुळे आत्या मला फार सोयीची वाटायची. आम्ही शेजारी बसायचो ते मधे उशी ठेवून.

मोठ्या काकूंचा या विज्ञानावर काडीचा विश्वास नाही. "मग वन्सं, परवा पायात काटा कसा घुसला?"

"घुसला, पण शिवला न्हाई."

काकूंनी कपाळावर हात मारला. "आता हा हात बी लागला न्हाई म्हणा!"

भाद्रपदात आमच्या महालक्ष्म्या लातूरला या काकूंकडे बसतात. आम्ही नांदेडहून जातो. त्यात माझं एकच काम, दोघी देवींना साड्या नेसवणं. घरभर पाहुणे असतात आणि कोणाशी काय बोलावं हे मला सुचत नाही. निऱ्या घालत असले की मात्र कोणी काही विचारत नाही, आणि तरी मी त्या सगळ्यांतली असते. मागच्या वर्षी नेमकी साड्या नेसवायच्या सकाळी माझी पाळी आली. काकूंनी स्वयंपाकघरासमोरच्या मागच्या खोलीत चटई टाकून दिली. साड्या चुलतबहिणीकडे गेल्या.

संध्याकाळी आत्या औशाहून आली आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "वैनी, ही पोरगी कशालाच शिवू शकत न्हाई. साडीला बी न्हाई. मग इटाळ जाईल कुठून?"

"तुमचे अणू औशात ठेवा, वन्सं. घरात देवी हाय."

"देवी बी अणूंचीच हाय."

काकूंच्या हातातली पळी थांबली. "वर्षातून एकदा येतात त्या. काही कमीजास्त झालं, तर मी कोणाला तोंड दाखवू?" त्यांचा आवाज कापत होता. मला तो रागानं कापतोय असं वाटलं नाही.

आत्यानं पिशवी दारातच उतरवली. ती मागच्या खोलीत आली. इथं उशी नव्हती. ती माझ्या चटईवर बसली, माझा हात उचलून मांडीवर घेतला आणि घट्ट धरून ठेवला. तिचा तळवा गरम होता, खडूनं खरखरीत झालेला. मी अंग चोरलं नाही.

काकू माझं ताट घेऊन आल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या. "वन्सं! तिला शिवलात?"

मला वाटलं, आता किल्ला येणार, ज्वारीचा दाणा येणार.

"हाव," आत्या म्हणाली. "शिवले. आता मीबी बाहेरची. माझंबी ताट इकडंच आणा."

काकू गेल्या आणि दुसरं ताट घेऊन आल्या. त्या संध्याकाळी नैवेद्य भाजी-भाकरीचा असतो. आमच्या भाकरीवर लोणी जरा जास्तच होतं.

परवा औशाहून निघताना मी आत्याच्या पाया पडले. ती सवयीनं म्हणाली, "हात लागले न्हाईत..." आणि थांबली. मी वाकलेलीच होते. मग तिचा हात माझ्या पाठीवर आला आणि बस येईपर्यंत तिथंच राहिला. मधे किती जागा होती, मला सांगता येणार नाही.