शहतुताच्या काड्या

आनंदाबाईंचा सारा जन्म समुद्रपूरच्या दवाखान्यात लोकांची बाळंतपणं करण्यात गेला. स्वतःचं मूल नव्हतं. कळत्या वयाआधीच कुंकू पुसलं होतं. मेलेल्या बहिणीची पोर, नलू, त्यांनी लहानाची मोठी केली आणि पार कटनीला रेल्वेतल्या मुलाला दिली.

सत्तावनच्या चैत्रात नोकरी संपली, क्वार्टर सुटलं. वडनेरच्या दिरानं, नानाजींनी, घरामागची खोली दिली. निघताना बाईंनी अंगणातल्या शहतुताच्या, म्हणजे तुतीच्या, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेतल्या. नलूनं लहानपणी लावलेलं झाड ते. ती सासरी गेल्यापासून बाईंनी त्याला विळा लागू दिला नव्हता. फळ धरलंच तर उंच शेंड्यांवर, तेही पाखरं खायची.

"ह्या उन्हात नाई जगत त्या, वहिनी," नानाजी म्हणाले.

"पाह्यते मी," म्हणून बाईंनी खोलीमागं आळी केली. काड्या वाळल्या. तरी त्या रोज पाणी घालत राहिल्या. शेवटी एक दिवस जावेनं त्या उपटून चुलीत घातल्या.

नानाजींचं घर भरलेलं होतं, पण दिवस उजाडला की सारं शेतात. ताट खोलीवर यायचं, आणणारी उंबऱ्यातूनच परतायची. गावाला आपली दाई होती. कुणाच्या घरी बाळंतीण अडली की बाई कान टवकारायच्या. बोलावणं मात्र येत नसे.

श्रावणात त्या एस.टी.नं समुद्रपूरला गेल्या. क्वार्टरमध्ये कांता नावाची नवी नर्स राहत होती. बाईंनी ओळख सांगितली, तशी तिनं खाट पुढं केली. पण बाईंची नजर अंगणात गेली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. झाड कमरेपासून वर नव्हतंच.

"काऊन तोडलं वो?"

"उजेडच येत नव्हता, बाई. ज्येष्ठात छाटून टाकलं," कांता भीतभीत म्हणाली. "पण आता पाहा ना."

खोडाला चहूकडून सरळ, हिरव्या काठ्या फुटल्या होत्या आणि हाताला येतील अशी काळी फळं लागली होती. नलू असताना लागत तशी. बाईंचा राग जिथल्या तिथं विरला. आपण माया म्हणून ज्याला जपलं, त्यालाच वांझ करून ठेवलं होतं.

"मले काड्या देतेस?"

"तुमचंच झाड आहे."

विळा बाईंनीच घेतला. कोवळे शेंडे टाकून दिले, बोटाएवढ्या जाड काड्या तिरप्या कापून घेतल्या. वडनेरला त्या पावसाच्या ओलीत खोचल्या. बऱ्याच सडल्या, काही फुटल्या.

पुढच्या थंडीत ती रोपं गुडघ्याएवढी छाटताना बाईंचा हात थबकला, पण त्यांनी छाटली. फाल्गुनात फळ धरलं. नलूला दिवस गेले होते. बाळंतपण सासूच करणार, म्हणून ती येणार नव्हती. बाईंनी वाटीभर फळं तोडली, जावेकडं नेऊन ठेवली. जाऊ घाईत होती.

"ठेवा तिथं," ती म्हणाली. मग एक तोंडात टाकून थांबली. "गोड हायेत वो, जाऊबाई."

बाई क्षणभर उभ्या राहिल्या. जाऊ पुन्हा कामाला लागली, तेव्हा खोलीवर परतल्या आणि हाताचे जांभळे डाग धूत बसल्या.