अर्ध्या बाह्यांचे नेव्हिलकाका

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधला एप्रिल. मैदानाच्या कडेला बर्फाचे मळके ढीग अजून शिल्लक होते. आम्ही आईबाप जाड जॅकेटांच्या खिशात हात खुपसून उभे होतो आणि मुलींचे नवे कोच अर्ध्या बाह्यांच्या शर्टात चेंडूंत हवा भरत होते. सत्तरीला टेकलेले, काळेसावळे, केस पांढरेशुभ्र, उच्चार अस्सल बर्मिंगहॅमचे. "मी नेव्हिल. सर नको, कोचही नको," ते म्हणाले. माझी अकरा वर्षांची इरा घरच्या वळणाने "नेव्हिलकाका" म्हणाली, आणि टीमभर तेच नाव झालं. त्यांच्यासमोर फुटबॉलला अमेरिकन पद्धतीने 'सॉकर' म्हणायची मात्र सोय नव्हती.

थंडी वाजत नाही का, असं मी एकदा न राहवून विचारलंच.

"वाजते की," ते म्हणाले. "सतरा वर्षांचा असताना आमच्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरने माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'वेगवान आहे, पण ही काळी माणसं हिवाळ्यात टिकत नाहीत.' तो अख्खा हिवाळा मी अर्ध्या बाह्यांत खेळलो. मॅनेजर मफलर गुंडाळून बघत होता. मग सवयच लागली."

त्यांचे आईवडील जमैकाहून इंग्लंडला आलेले. वडील लोखंडाच्या कारखान्यात होते. नेव्हिलकाका खालच्या डिव्हिजनमध्ये आठ हंगाम खेळले, मग अमेरिकेतल्या एका लीगसाठी इकडे आले. ती लीग तीन वर्षांत बंद पडली. परत जाण्याऐवजी त्यांनी स्कूलबसचं स्टिअरिंग धरलं आणि संध्याकाळी मुलींना शिकवायला लागले. "पहिला टच आपला, दुसरा टीमचा," हे ते दर प्रॅक्टिसला चार वेळा तरी म्हणत.

प्रॅक्टिस संपली की माझ्या थर्मासमधला आल्याचा चहा घेत ते जुन्या गोष्टी सांगायचे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेला एक गोलकीपर इंग्लंडमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळला होता. त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षं साधा दगडही नव्हता. "आम्हाला वाटायचं, इथले काळे खेळाडू आम्हीच पहिले. आधीचं कोणी सांगितलंच नाही." इंग्लंडची आजची, कितीतरी काळे खेळाडू असलेली टीम टीव्हीवर मैदानात उतरली की ते खुर्चीतून उठून उभे राहत. "त्या शर्टाला माझाही थोडा घाम लागलाय," असं म्हणत. इंग्लंडकडून खेळायची संधी त्यांना कधीच मिळाली नव्हती, पण हे सांगताना चेहऱ्यावर कडवटपणा नसायचा.

दुसऱ्या वर्षी एका मॅचला समोरच्या टीममधल्या नऊ नंबरच्या मुलीने आमची दाणादाण उडवली. उंच, काळी, वाऱ्यासारखी पळणारी. माझ्या शेजारी संजय उभा होता. तो पुण्याचा, आमच्याच ऑफिसातला, त्याचीही मुलगी टीममध्ये. तो मराठीत म्हणाला, "पळणारच यार. लहानपणापासून पोलिसांपुढे पळायची सवय असते यांना." दोघंतिघं हसले. मीही हसले.

नेव्हिलकाका वळले. "काय म्हणाला?"

"ती फार फास्ट आहे म्हणाला," मी सांगितलं.

त्यांनी मान डोलावली. "तुमची भाषा मला येत नाही. हसणं मात्र ओळखीचं आहे." आणि ते पुन्हा मॅच बघायला लागले.

इरा तेव्हा बदली खेळाडू म्हणून आमच्या शेजारच्याच बाकावर होती; गाडीत बसल्यावर तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "आई, यू लाइड टू हिम. खोटं सांगितलंस. मला मराठी कळतं."

पुढच्या प्रॅक्टिसला मी त्यांना खरं काय ते सांगितलं, मी हसले होते हेही सांगितलं. ते गोलची जाळी बांधत होते. गाठ पक्की करून म्हणाले, "थँक यू." तेवढंच. संजयला मीच बोलावून आणलं होतं. तो कानकोंडा होऊन म्हणाला, "नेव्हिल, ते तुमच्याबद्दल नव्हतं. तुम्ही तर आमचे आहात."

नेव्हिलकाका हसले. "हे वाक्य मी आधी ऐकलंय. परक्या मैदानावर हजारो लोक माझ्या नावाने माकडाचे आवाज काढायचे, केळी फेकायचे. ते अपेक्षितच होतं. पण आमच्या घरच्या मैदानावर समोरच्या टीममध्ये काळा पोरगा असला की आमचेच लोक तेच आवाज काढायचे. मॅच संपली की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, 'तू नाही रे नेव्ह, तू आपला.' मी गप्प बसायचो. त्या गप्प बसण्याची लाज मला केळ्यांपेक्षा जास्त वाटते."

संजयने जाळीचं दुसरं टोक धरलं. "मी काय करू?"

"त्या नऊ नंबरवालीच्या टीमशी पुन्हा मॅच आहे. तेव्हा पलीकडे जाऊन उभा राहा."

संजय गेला. पूर्ण मॅच समोरच्या आईबापांत उभा राहिला. नऊ नंबरच्या मुलीच्या वडिलांनी त्याला अंगाभोवती घ्यायला स्वतःचं ब्लँकेट दिलं, डोनट दिलं. परत आल्यावर तो म्हणाला, "तिची आई नर्स आहे. रात्रपाळी करून तशीच पोरीला घेऊन येते." मग पुढे म्हणाला, "मी त्यांना सांगितलं. मी काय बोललो होतो ते. तरी ब्लँकेट काढून घेतलं नाही त्यांनी."

गेल्या शरद ऋतूत नेव्हिलकाका बहिणीजवळ राहायला बर्मिंगहॅमला परत गेले. विमानतळावर मीच सोडलं. जुन्या क्लबने त्यांना सत्कारासाठी हाफटाइमला मैदानात बोलावलं होतं. "चाळीस वर्षांत त्या फाटकातून आत गेलो नाही," ते म्हणाले.

महिन्याभराने फोन आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. नंतर त्यांच्याच वयाचा एक म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, "ते आवाज काढणाऱ्यांत मी होतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"शेजारची खुर्ची रिकामी होती, ती दाखवली. उरलेली मॅच आम्ही दोघांनी तिथेच बसून बघितली. तीन-एकने हरलो आम्ही," नेव्हिलकाका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती.