मांडवातले एकशे एक रुपये

अक्षर वाईट आहे, काना-मात्रा चुकतात, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली.

मी कणीक मळत होते. मॅडम फोन घेऊन किचनमध्ये आल्या. स्पीकर चालू होता. एक माणूस ओरडत होता, "तुमची गोरी पोट्टी माह्या बापाच्या तेरवीत आली, जेवली, अन् माह्या मायले अभिनंदन म्हणून गेली! थट्टा करून राह्यले का आमची?"

वर्ध्याला नालवाडीकडे मॅडमचं होस्टेल आहे. परदेशातली मुलं तिथे मराठी शिकायला येऊन राहतात. एका वेळी आलेल्या सगळ्या मुलांना बॅच म्हणतात. मी त्यांची मेस सांभाळते, म्हणजे दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. माझं घर त्यावरच चालतं. रविवारी मुलांचा फील्ड डे असतो. त्या दिवशी सोबत कोणी नसतं. एकट्यानं गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं आणि काय पाहिलं ते वर्गात सांगायचं.

त्या रविवारी सकाळी जर्मनीच्या लीनानं विचारलं, कोणी जेवायला बोलावलं तर काय करू? तिला मोडकंतोडकं मराठी येतं. मी म्हटलं, मांडवाजवळ थांबलीस की बोलावतातच. नाही म्हणू नको. निघताना घरच्या बाईच्या हातात पाकीट दे. तिच्याजवळ सुटे नव्हते. शंभराची नोट आणि वर एक रुपया मीच होस्टेलचा नंबर छापलेल्या पाकिटात घालून दिला.

मांडव कशाचा ते आधी विचार, हे सांगायचं राहिलं. आपल्याला ते बघूनच कळतं. पांढरं कापड, हार घातलेला फोटो, पुढे दिवा. लीनाला वाटलं, आजोबांचा वाढदिवस आहे. मॅडमनी तिला बोलावलं तेव्हा ती खुशीत होती. मला म्हणाली, "काकू, बुंदी खूप छान. पण आजोबा कुठे गेले होते?"

मॅडम म्हणाल्या, "पाकीट तुम्ही दिलं ना, बाई? मग आजच मिटवून या. नाहीतर पुढच्या बॅचला मला दुसरी बाई पाहावी लागेल."

अभिनंदन हा शब्द वर्गात मॅडमनीच शिकवला होता. पण मला काम हवं होतं. मी कणकेचे हात धुतले.

लीनाला खरं काय ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मी येते, म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा मांडव सोडणं चालू होतं. फोन करणारा, वारलेल्या आजोबांचा मुलगा, दारातच होता. "आता काय राह्यलं? केक आणला का?"

लीना सरळ आत गेली आणि त्याच्या आईच्या, म्हणजे आजींच्या, पाया पडली. "माफ करा, आजी. मला माहीत नव्हतं."

मग मला बोलणं भागच होतं. "मावशी, पाकीट मीनंच देल्लं होतं. तिले मीनंच सांगतलं."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. "पोट भरलं का तुह्यं?"

"हो आजी. बुंदी दोनदा घेतली."

"मंग झालं."

"माय, अभिनंदन म्हणे ते!" मुलगा म्हणाला.

"म्हणू दे. एवढे लोक आले, सारे खाली पाहून जेवले अन् गेले. माह्याजवळ येऊन हसून बोलली ते हेच एक. तुह्या बापाले चाललं असतं. खुर्ची दे त्यायले."

मुलानं पुटपुटत खुर्च्या आणल्या.

आजींनी फोटोमागून पाकीट काढलं. रुपया बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. "शंभर ठेवतो मी. पोरीनं मनानं देल्ले. हा वरचा रुपया शुभाचा. हा आज आमच्या घरी नाई चालत. घेऊन जाय."

मुलानं आमच्यासमोरच मॅडमना फोन लावला. "मिटलं," एवढंच म्हणाला. पुढच्या बॅचलाही मीच आहे.

आता नव्या मुलांना एक गोष्ट जास्त सांगते. मांडवात शिरल्यावर आधी फोटो पाहा. फोटोला हार असेल तर जेवा, पण कोणाचं अभिनंदन करू नका.

तेव्हा दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, लीनानं शंभराची नोट आणून दिली. रुपया आजींकडून आलाच होता. माझे एकशे एक पूर्ण मिळाले.