शुभांगीचं नाव मी लिहिलं

शुभांगी गेल्याची बातमी मला शनिवारी सकाळी इथे सिंगापूरच्या लिटिल इंडियात, शेपूची जुडी हातात असताना कळली. फोन आला नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तिच्या नवऱ्याचा, नितीनचा, दोन ओळींचा मेसेज होता, आणि मी तो दुसऱ्यांदा वाचेपर्यंत त्याखाली हात जोडलेली तीसेक चिन्हं जमली होती. कुणी 'फार वाईट झालं' लिहिलं, कुणी 'ओम शांती', आणि एकाने, बहुधा घाईत, वाढदिवसाला टाकतात ती फुलं टाकली. स्वादुपिंडाचा कर्करोग, तीन महिने, अमेरिकेत मिनेसोटातलं हॉस्पिटल. वय अठ्ठेचाळीस. ती आजारी आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. दुकानदार 'एनिथिंग एल्स, मॅडम?' विचारत होता. मी पैसे दिले आणि जुडी तिथेच ठेवून बाहेर आले... आणि मला आधी रडू नाही आलं, राग आला. मला न सांगता आजारी पडली, मला न सांगता गेली. तो राग अजून आहे. गेलेल्या माणसावर असं लिहू नये असं कुणाला वाटलं तर वाटो.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याविषयी दोन बरे शब्द बोलले तर ते कुठल्या तोंडाने बोलते आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल. हे ऊबदार शहर सोडून शुभांगी त्या गोठलेल्या गावी स्वतःहून गेली नव्हती. तिला मी पाठवलं. आणि तिने जेव्हा मला तसं विचारलं तेव्हा मी सरळ खोटं बोलले.

पंधरा दिवसांनी इथल्या मराठी मंडळींनी बुकित बातोकमधल्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये शोकसभा ठेवली. फोटोला मोगऱ्याचा हार, शेजारी पडद्यावर तिचे जुने फोटो एकामागून एक, आणि एसी असा की मागच्या रांगेतल्या बायकांनी ओढण्या खांद्यावर घेतल्या होत्या. सात जण बोलले आणि सातही जणांनी तेच सांगितलं : शुभांगी कुठेही जुळवून घ्यायची. सोलापूरचं ऊन असो नाहीतर मिनेसोटाचा बर्फ, तिला सगळं सारखंच, असं एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्याकडे ती एकदा हळदीकुंकवाला गेली असेल, तेवढीच ओळख. आपल्याकडे बाई गेली की तिच्या जुळवून घेण्याचं कौतुक करायचं, म्हणजे तिला काय काय नको होतं ते कुणाला आठवावं लागत नाही. मग मला पुढे बोलावलं. 'मंजिरी, तू तर तिच्या सगळ्यात जवळची.' मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले. लिफ्टपाशी एका डॉक्टर मित्राने गाठलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, 'हे बघ, हा आजार तिला इथेही झाला असता. थंडीचा काही संबंध नाही.' त्याचं बरोबर आहे. पण मी त्याला विचारलं नव्हतं.

शुभांगी सोलापूरची. इंजिनिअरिंगला पुण्यात आली तेव्हा डिसेंबरात दोन स्वेटर घालून वर्गात बसायची आणि आम्ही पुणेकर मुली तिला मनसोक्त हसायचो. ती रागावायची नाही, भांडायची. 'मे महिन्यात ये की सोलापूरला. मग बघू कोण हसतंय,' म्हणायची. तिच्याशी भांडणं हा पंचवीसेक वर्षं माझा आवडता उद्योग होता. जर्नल उतरवून देण्यावरून, लग्नात कुणाला बोलवायचं यावरून, भाजीत गूळ घालावा की नाही यावरून आम्ही भांडलो आणि त्याच दिवशी संध्याकाळी बोललोही. मी सिंगापूरला आले, दोन वर्षांनी माझ्याच ओळखीने ती माझ्याच कंपनीत आली. विमानतळाबाहेर पहिल्यांदा ती दमट, गरम हवा अंगावर आली तेव्हा सगळे नवीन लोक तोंड वाकडं करतात; ही डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, 'आता मला इथून कुणी हलवायचं नाही.'

मी बुकित पंजांगला राहायचे, ती शेजारच्याच बुकित बातोकला, दहाव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. घरात दोन एसी होते, दोन्ही बंद. ऑफिसातल्या गारठ्याला ती शिव्या घालायची आणि दर दोन तासांनी खाली बस स्टॉपवर उन्हात पाच मिनिटं उभी राहून यायची. 'तापून आले,' म्हणायची. रविवारी सकाळी कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रं अंथरून उडदाचे पापड वाळत घालायची. वाट अडवू नये अशी नोटीस दारावर लागली तर हिने अर्ध्या रुंदीचे कागद कापले आणि पुन्हा पापड मांडले. इथे दुपारी पाऊस सांगून येत नाही. शेजारच्या लिम आंटी ढग बघितले की दारातून ओरडायच्या, 'रेन कमिंग लाह, युअर बिस्किट ऑल वेट,' आणि दोघी मिळून पापड गोळा करायच्या. त्या पापडांना लिम आंटी शेवटपर्यंत बिस्किटंच म्हणत राहिल्या, आणि तळलेले निम्मे त्यांच्याच घरी जायचे.

चार वर्षांपूर्वी कंपनीने आमची टीम लहान करायची ठरवली. आम्ही दोघी वरिष्ठ, त्यातली एक इथे राहणार, दुसरीने मिनेसोटाच्या ऑफिसात जायचं. नाव मी कळवायचं होतं, कारण त्या वर्षी मी तिची मॅनेजर होते. आमच्या घरी लेकीचं सहावीचं वर्ष होतं. इथे सहावीच्या परीक्षेवर पुढची शाळा ठरते आणि घरं वर्षभर तिच्या धाकात असतात. शुभांगीची लेक इराही सहावीतच होती, त्याच शाळेत. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माझ्यापुढे फॉर्म होता, त्यात नावाची एक जागा आणि 'निवडीचं कारण' अशी दुसरी. माझं नाव लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी शुभांगीचं लिहिलं, आणि कारणाच्या जागी इंग्रजीत लिहिलं की ती कोणत्याही वातावरणाशी सहज जुळवून घेते. फॉर्म पाठवून मी जेवायला गेले. जेवणही व्यवस्थित गेलं.

दोन आठवड्यांनी निर्णय आला तेव्हा मी तिला पॅन्ट्रीत गाठलं आणि म्हणाले, 'वरून आलंय गं. माझ्या हातात काही नव्हतं.' आमच्या क्षेत्रात सगळं वरूनच येतं आणि वर कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. तिनेही नाही विचारलं.

'नाही म्हटलं तर?' एवढंच म्हणाली.

'तर नोकरी जाईल. मग इथे राहायचा पास रद्द. तीस दिवसांत सगळ्यांना निघावं लागेल.' नितीन आणि इरा तिच्याच पासवर इथे होते, आणि नितीनला वर्षभर काम नव्हतं. हे दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे त्यावर बोलायची गरज पडली नाही.

'मंजे, उणे वीसमध्ये लोक करतात काय गं?'

'राहतातच की,' मी म्हणाले.

ऑगस्टअखेर, परीक्षेला चार आठवडे उरले असताना, ती गेली. इराची परीक्षा राहिली ती राहिलीच. विमानतळावर शुभांगी माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, 'तू तरी राहिलीस, बरं झालं.' आता ते वाक्य आठवलं की मला तिचाच राग येतो. एवढी हुशार बाई, कोडमधली चूक एका नजरेत पकडायची, आणि हे तिला दिसू नये? माझ्या लेकीचा निकाल चांगला लागला. मी ऑफिसात पेढे वाटले आणि पेढ्यांच्या ताटाचा फोटो शुभांगीलाही पाठवला. हेही मीच केलं. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं : 'शाब्बास म्हणावं तिला.'

पहिल्या वर्षी ती दर रविवारी फोन करायची. बर्फाचं कौतुक तिने चुकूनसुद्धा कधी केलं नाही. चार वाजता अंधार पडतो, नाकातलं पाणी गोठतं, घरासमोरच्या वाटेवरचा बर्फ स्वतः उपसावा लागतो, शेजारी हात हलवतात आणि दार लावून घेतात. ती कुरकुरायची आणि मी 'होईल सवय' म्हणायचे. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी, मी ऑफिसात असताना, तिचा फोन आला. आवाज नेहमीचाच.

'मंजे, मला इकडे पाठवायला नाव कुणी दिलं होतं?'

'अगं, वरून आलं होतं ना.'

'फॉर्म होता म्हणे काहीतरी.'

'कसला फॉर्म?'

तिने ते माझं इंग्रजी वाक्य मला वाचून दाखवलं, सावकाश, एकेक शब्द. त्या दिवशी तिच्या वार्षिक आढाव्यात तिथल्या साहेबाने जुनी फाइल उघडली होती आणि तुझ्या सिंगापूरच्या मॅनेजरचं तुझ्याबद्दल किती छान मत आहे बघ, म्हणून कौतुकाने ते पडद्यावर दाखवलं होतं. खाली माझं नाव होतं. 'बरं, ठेवते,' शुभांगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला पाच मिनिटांत मीटिंग होती. मी मीटिंगला गेले. संध्याकाळी करू म्हटलं, मग रविवारी करू म्हटलं, आणि मग इतके रविवार गेले की फोन करायला कारण लागलं असतं. तिने भांडायला हवं होतं. जर्नलवरून भांडणारी बाई, गुळावरून भांडणारी बाई, नेमकी याच बाबतीत गप्प बसली. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, माझी अडचण सांगितली असती, खोटं मागे घेतलं असतं, निदान तसा प्रयत्न केला असता. तिने मला तेवढीही जागा ठेवली नाही. तेव्हापासून तिच्याकडून फक्त मागच्या दाराबाहेरच्या थर्मामीटरचे फोटो येत. उणे अकरा, उणे एकोणीस, उणे सव्वीस. खाली एक शब्दही नाही. मला काय लिहावं कळेना, म्हणून एकदा मी हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह पाठवलं. त्यानंतर फोटोही बंद झाले.

गेल्या महिन्यात अस्थी घेऊन भारतात जाताना नितीन आणि इरा एक दिवस सिंगापूरला उतरले आणि दुपारी माझ्याकडे आले. चहा पुढे केला आणि मी उभ्याउभ्याच नितीनला म्हणाले, 'तिचं नाव मी लिहिलं होतं.' हे वाक्य मी दोन वर्षं मनात घोकलं होतं, त्यामुळे ते न अडखळता आलं.

'माहितीये आम्हाला,' तो म्हणाला. 'यात साखर आहे का? मी सोडलीये.'

मी दुसरा चहा केला. त्याने तो प्यायला, आभार मानले आणि पुढचं विमान किती वाजता आहे ते सांगितलं. मला त्याचाही राग आला. तो मला माफ करणार नव्हता हे ठीक, पण शिक्षाही करणार नव्हता. त्याला माझ्याशी काही देणंघेणंच उरलं नव्हतं.

इरा आता सोळा वर्षांची आहे. इथे असताना तिचं मराठी म्हणजे प्रश्न मराठीत आणि उत्तर इंग्रजीत असा कारभार होता. आता ती सलग, आईच्या सोलापुरी हेलात बोलते. मी तसं म्हटलं तर म्हणाली, 'तिथे आईला बोलायला दुसरं कोणी नव्हतं ना.' मग तिने बॅगेतून हवा काढून दाबून बसवलेली एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या पलंगावर उघडली. निळा, गुडघ्यापर्यंतचा, पिसं भरलेला कोट हळूहळू फुगत गेला. 'आईने तुला द्यायला सांगितलं होतं,' ती म्हणाली.

'इथे याचं मी काय करू?' माझा आवाज चढला.

इराने खांदे उडवले. 'आय डोन्ट नो, मावशी. तिने फक्त द्यायला सांगितलं.'

तो कोट आता माझ्या कपाटात आहे. इथल्या दमटपणात त्याला बुरशी येईल म्हणून मी तो अधूनमधून पंख्याखाली टांगते. धुवायला टाकलेला नाही, टाकणारही नाही. त्या दुपारी घडी घालताना त्याला फोडणीचा वास आला, आणि दोन्ही बाह्यांना मनगटापाशी हळदीचे पिवळे डाग दिसले, जुन्यावर नवे, थरावर थर. बाहेर बर्फात घालायच्या कोटाला हळद कुठून लागेल ते मला कळेना. मी इराला विचारलं.

'घरातच घालायची ना,' इरा म्हणाली. 'भाजी करताना. टीव्ही बघताना. झोपतानापण. तुला नव्हतं माहीत?'