दादांची खुर्ची आणि सायलीचं मॅनेजमेंट

गोदामात आलेला माल आज ना उद्या बाहेर जातो. किस्से मात्र एकदा आत आले की हलत नाहीत! मी राहनाळला काशिनाथदादांच्या गोदामात डिस्पॅचला बसते. माझ्या टेबलावर तर किश्श्यांचा ढीगच लागलाय.

जिथे दादांची भातशेती होती, तिथेच हे गोदाम उभं आहे. पूर्वी शेत राखायला बसायचे, तसे दादा आता दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मुलगा मर्चंट नेव्हीत. तेव्हा मॅनेजमेंट शिकलेली सून, सायली, पुढे झाली.

दादा म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालवून बघ. न्हाय जमला तर गोदाम बाहेरच्या पार्टीला भाड्यानं!"

नवी पार्टी म्हणजे नवी माणसं, मग आम्ही कुठे जाणार?

*

पहिल्याच दिवशी सायलीने विचारलं, "दादा, आपलं प्लॅनिंग कसं असतं?"

"गाडी आली का उतरवायची. गाडी गेली का जेवायचा."

"आणि चार गाड्या एकदम आल्या तर?"

"मंग जेवायला उशीर!"

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक गाडीला वेळ ठरवून दिली. आठवड्याभरात आमचे डबे दुपारी एकला उघडायला लागले. मॅनेजमेंटवर माझा विश्वास बसला तो तिथे!

*

मग तिने भिंतीवर चार्ट लावला. कोण कोणाच्या हाताखाली, सगळं रेघा मारून. सगळ्यांनी आपापली नावं शोधली. तेवढ्यात सलीमभाई हमालाने शंका काढली, "मॅडम, ये बिल्ली किसके अंडर में?"

आमची मांजर उंदरांसाठी ठेवलेली. तिची जबाबदारी घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी सायलीने ती सिक्युरिटीत टाकली.

वॉचमन रामदुलार चार्टच्या अगदी तळाशी होता. तो उभा राहिला, टोपी सरळ केली आणि म्हणाला, "चलो, हमारे अंडर में भी कोई आया!"

*

खरी अडचण होती हुकमाची. सायली सांगायची, "आधी ही गाडी भरा." सगळे हमाल दाराकडे बघायचे. खुर्चीतून दादा मान हलवायचे, तेव्हा कुठे खोकी हलायची! तिचा चेहरा पडायचा. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी तिने दादांची खुर्ची उचलली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली.

"दादा, बाहेर गाड्या अडतात. तिकडे तुमच्याशिवाय कोण बघणार?"

दादा बसले. आत सायलीने हुकूम सोडला. हमालांनी सवयीने दाराकडे पाहिलं, तर नुसती पाठ!

"पीठ से कैसे पूछें?" म्हणत सलीमभाईने खोकं उचललं.

संध्याकाळी दादा मला म्हणाले, "पोरीनं मला बरोबर फिरवला!" पण खुर्ची काही परत वळवली नाही.

*

गणपतीत सगळ्यांना एकदम सुट्टी हवी. सायलीने नियम केला, "कारण सांगा आणि बदली द्या." कापडाच्या लूमवर कामगार करतात तसं, आपल्या जागी दुसरा माणूस उभा करायचा.

सलीमभाईचं कारण, "साले की शादी."

"सलीमभाई, तिसऱ्यांदा? साले आहेत तरी किती?"

"सात हैं मॅडम, ऊपरवाले की मेहरबानी!"

दादा खो खो हसले. "हा नियम मला पन का गो?"

"ड्युटीवर बसता ना? मग तुम्हालाही!"

*

दिवाळी तोंडावर आली. ती बाहेरची पार्टी उद्या गोदाम बघायला येणार, असं दादांनीच सांगितलं होतं. त्या दुपारी एकला डबे उघडले आणि तसेच परत झाकले. सायली मान खाली घालून काम करत होती.

दादा उठले. हळूहळू चालत तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, उद्या सुट्टी पायजे."

आयुष्यात पहिल्यांदा 'मॅडम'! सायलीने वर पाहिलं. "कारण?"

"अंजूरला लेकीकडं जायचा हाय."

"पण दादा, उद्या ती पार्टी येणार ना?"

"म्हनून तर जातोय! त्यांना न्हाय म्हनायला आमची मॅनेजर हाय ना."

सायलीचे डोळे भरून आले. तिने पदराने डोळे पुसले, पण नियम तो नियम!

"आणि बदली?"

दादांनी मागे न बघता दाराकडे बोट केलं. खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून, मांजर बसली होती.