मास्टर बेडियाकोचं ‘डायरेक्ट’

१४ मार्च २०२३. तीनशे पंच्याऐंशी सेडी. कुमासीच्या सुआमे भागात, गॅरेजांच्या गर्दीत, मास्टर क्वाजो बेडियाकोने ही रक्कम मामे सेरवा पोकूंकडून घेतली, न मोजता खिशात घातली आणि म्हणाला, “नवा सेन्सर बसू द्या, मामे. गाडीत बसताना अंगावर दोन कापडं घ्यावी लागतील.”

“मला गारवा हवा, गप्पा नकोत,” मामे म्हणाल्या.

मामेंच्या आठ काळ्या गाड्या होत्या. दर शनिवारी त्या अंत्यविधींना भाड्याने जात. जाड काळं कापड गुंडाळून बसलेल्या नातेवाइकांना गाडीत घाम फुटला, की ते मेलेल्याला विसरतात आणि भाड्यावरून भांडतात, हे मामेंना चांगलं ठाऊक होतं. आठांपैकी एकीचा ए.सी. बंद होता. त्यांनी साफ सांगितलं होतं, “शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ही थंड झाली नाही, तर आठही गाड्या समोरच्या गल्लीतल्या गॅरेजात जातील.”

बेडियाकोचं पोट त्या आठ गाड्यांवर चालत होतं. बाकीची गिऱ्हाइकं त्याने स्वतःच्या गुणांनी केव्हाच घालवली होती. सात वर्षं उस्तादाच्या हाताखाली राहून तो तीन गोष्टी शिकला होता: गॅस भरणं, तारा कापून ‘डायरेक्ट’ करणं आणि बोलत राहणं. तिसरी त्याला सगळ्यात चांगली येत होती. दुकानावर पाटी होती, ‘ईश्वरी थंडावा क्लिनिक’. तिच्यावर बर्फाचा डोंगर आणि एक पेंग्विन रंगवलेला. रंगाऱ्याने पेंग्विनला कोंबडीचे पाय काढले होते. बेडियाकोला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

डायरेक्ट म्हणजे सोपं काम. कॉम्प्रेसर चालू होत नाही? मधल्या स्विचच्या दोन्ही तारा कापा, एकमेकींना पिळा, पैसे घ्या. स्विच का तुटला, हा प्रश्न विचारणाऱ्याला बेडियाको शाळामास्तर म्हणायचा. जुन्या गाड्यांवर हे खपून जाई. नव्या गाड्यांत मात्र स्विच नसतो, तीन तारांचा सेन्सर असतो. तो गॅसचा दाब मोजून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. आकड्यावर भरवसा बसला, तरच कॉम्प्युटर कॉम्प्रेसर चालू करतो. बेडियाकोच्या मते ही गोऱ्यांची सुटे भाग विकण्याची युक्ती होती.

त्या मंगळवारी सकाळी त्याने आधी गॅस भरायला घेतला. गॅस पुरेसा होता. मग नाइलाजाने शेजारच्या एलिकेमला हाक मारली. “ए कॉम्प्युटरवाल्या, तुझं खेळणं आण.”

एलिकेमने स्कॅनर लावला. साठ सेडी त्याने आधीच मागितले होते आणि बेडियाकोने “उद्या” म्हणून सांगितलं होतं. पडद्यावर आलं: दाबाच्या सेन्सरच्या सर्किटचा सिग्नल कमी.

“सेन्सर गेला,” एलिकेम म्हणाला.

सर्किट म्हणजे सेन्सर आणि तारा दोन्ही. तारा तपासायला मीटर लावून वाकावं लागतं. एलिकेमची पँट नवी होती आणि बेडियाकोचं मीटर गेल्या वर्षीपासून बॅटरीशिवाय पडलं होतं. दोघांनी मिळून सेन्सरला दोषी ठरवलं.

गुरुवारी नवा सेन्सर बसला. त्याच्याखाली झडप असते, त्यामुळे तो काढताना गॅस निघून जात नाही. नाहीतर बेडियाकोने तोही घालवला असता. इंजिन चालू केलं. गरम वारा. शुक्रवारी दुपारपर्यंत गरम वाराच.

“चिनी माल!” बेडियाको ओरडला आणि रागाने वायर ओढली. एक तार हातात आली. टोकाला हिरवट गंज आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी.

एलिकेम केन्की खात उभा होता. “मास्टर, साऱ्या सुआमेत टेपऐवजी ट्यूब कोण गुंडाळतं हो?”

“तोंडात घास आहे ना? तो चाव.”

दोन वर्षांपूर्वी याच गाडीवर त्याने डायरेक्ट करून पाहिलं होतं. तारा पिळताच इंजिन बंद पडलं, तेव्हा घाईने पुन्हा जोडून त्याने तोंड बंद ठेवलं होतं. आता त्याने जोड साफ केला, कथिलाचा डाग दिला, या वेळी खरी टेप गुंडाळली. कॉम्प्रेसर खट् करून लागला. थंड वारा आला. बेडियाकोने पट्टी गटारात फेकली आणि चेहऱ्यावर विद्वत्ता आणली.

संध्याकाळी मामे आल्या, ए.सी.च्या जाळीपुढे हात धरला. “थंड आहे. काय झालं होतं?”

“सेन्सर जळला होता, मामे. पार कोळसा.”

“जुना दे.”

जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही सुआमेची रीतच. तो दिला नाही, तर विकून खाल्ला असं समजतात. बेडियाकोने दिला. मामेंनी उलटसुलट पाहिला, हुंगला. आयुष्यभर कापड विकून त्यांना एकच गोष्ट कळली होती: विकणारा जास्त बोलला, की माल पुन्हा उलगडायचा.

“कोळसा कुठाय? हा परत बसव.”

“मामे, उशीर झालाय, उद्या तुमचा अंत्यविधी...”

“माझा नाही, गिऱ्हाइकाचा. बसव.”

त्याने बसवला. दोनदा आटे चुकले. इंजिन चालू झालं. वारा थंडच होता, आधीसारखाच.

एलिकेम हसला, मग ‘सेन्सर गेला’ हे आपलंच निदान आठवून हळूच सटकला.

“तीनशे पंच्याऐंशी,” मामेंनी हात पुढे केला.

पैसे घेऊन त्या गाडीत बसल्या, काच वर केली आणि गेल्या. सोमवारी आठही गाड्या समोरच्या गल्लीत उभ्या होत्या. नवा सेन्सर दुकानदाराने घेतला नाही. विजेचा माल परत होत नाही. एलिकेमचे साठ सेडी बेडियाकोकडून अजून यायचे आहेत.